फायरप्लेसचं अस्तर आणि दहा दिवसांचा दिवा

घरातलं एक काम, फक्त एकच काम, मी आयुष्यात स्वतःच्या हाताने केलं. आणि त्या एका कामापायी अमेरिकेतल्या आमच्या बेलव्ह्यू गावच्या झाडून सगळ्या मराठी मंडळींना रडवलं! आत्ताच हसू नका हो. आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल.

त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशीची गोष्ट. सुनंदा, म्हणजे आमची ही, मुलीला घेऊन भावाच्या लग्नाला सांगलीला गेली होती. महिनाभरात येणार होती, तर तिकडे सासूबाई आजारी पडल्या आणि मुक्काम लांबला. नोव्हेंबर महिना. चार वाजताच अंधार, दिवसभर पावसाची पिरपिर, आणि तीन बेडरूमच्या घरात मी एकटा! ऑफिसातून आलं की सूप गरम करायचं आणि टीव्हीशी भांडायचं. कुणी म्हणून कुणी फिरकायचं नाही. प्रत्येकाला आपापला संसार होता, त्यांचं काय चुकलं म्हणा. पण मला फार एकटं वाटायचं, हे खरं आहे.

त्यात समोर ती फायरप्लेस. आधीच्या मालकाने लाकडं जाळून जाळून आतून काळीकुट्ट केलेली. जाताना सुनंदा म्हणाली होती, "या काळ्या भगदाडाचं काहीतरी करा हो. रोज संध्याकाळी अंगावर येतं."

म्हटलं, ती यायच्या आत करून टाकू! गेलो दुकानात. तिथल्या म्हाताऱ्याने फायरप्लेसला आतून लावायचं नक्षीदार अस्तर दाखवलं. कोटाला असतं ना अस्तर, तसंच, फक्त भाजक्या मातीचं. तीन मोठ्या फरश्या, एक मागच्या भिंतीला आणि दोन बाजूंना. कुठे हरणं, कुठे जहाजं, कुठे नुसत्याच तिरप्या विटा. दीड तास घोळ घातला मी. शेवटी वेलबुट्टीची घेतली, कारण सुनंदाच्या एका साडीचा काठ अगदी तसा होता. म्हाताऱ्याने खूश होऊन वर नाताळचा एक पांढऱ्या फुलांचा लांबलचक प्लॅस्टिकचा हार फुकट दिला. म्हणाला, फायरप्लेसच्या वरच्या फळीवर लाव, वाइफ खूश होईल.

आता इंजिनियर माणूस मी. माप मी दुसऱ्या कुणाला घेऊ देईन का? पुढची रुंदी मोजली आणि तेवढीच मागची फरशी आणली. फायरप्लेस आत निमुळती होत जाते, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं होतं? फरशी आत जाईना! मग ती अंगणात घासून कापली. त्या धुळीने डोळे असे लाल झाले, की आरशात बघून मीच घाबरलो.

पुढे ऐका. फरश्या चिकटवायचं सिमेंट खास असतं, आगीला टिकणारं. गुरुवारी डोकं आत घालून वरच्या फटी भरत होतो, तर अख्खा डबा डोक्यावर! म्हटलं, आधी काम पुरं करू, मग धुऊ. धुवायला गेलो तर केसांचा दगड झालेला. न्हाव्याने दोन बोटांनी टकटक वाजवून बघितलं आणि म्हणाला, "सर, ऑल ऑफ इट." डोक्याचा गोटा झाला. मिशीही गेली.

आणि म्हाताऱ्याची सक्त ताकीद होती, दहा दिवस लाकडं पेटवायची नाहीत, नाहीतर फरश्या तडकतील. आतमध्ये अगदी बारीक ज्योत ठेवायची, म्हणजे सिमेंट हळूहळू वाळेल. बारीक ज्योत म्हटल्यावर मराठी माणूस काय ठेवणार? मी देवघरातली पणती ठेवली. तेल घालून, रात्रंदिवस.

वरच्या फळीवर सुनंदाचा फोटो ठेवला. घरात बोलायला कुणी नव्हतं ना, मी त्या फोटोशी बोलायचो. आणि तो फुकटचा हार? फळीपेक्षा लांब निघाला. उरलेला फोटोभोवती गुंडाळला. छान दिसत होता!

तुम्ही कपाळाला हात लावताय. मला तेव्हा कळलं नाही हो!

रविवारी दार वाजलं. कुलकर्णी आमचा प्रेशर कुकर परत द्यायला आले होते. दोन महिन्यांत घरात आलेला पहिला माणूस! "या या, बघा काय केलंय," म्हणून मी त्यांना ओढतच आत नेलं. त्यांनी माझं डोकं बघितलं, पणती बघितली, फोटो बघितला आणि कुकर छातीशी धरून मटकन खाली बसले.

"कधी झालं हे?"

"गुरुवारी. आज चौथा दिवस. दहा दिवस हा दिवा असाच ठेवायचाय."

"ठेवायलाच हवा," कुलकर्णी म्हणाले. आवाज अगदी खोल गेलेला. "अहो, पण आम्हाला कळवायचं नाही का?"

"एवढ्याशा गोष्टीसाठी कुणाला कशाला त्रास?"

"एवढीशी गोष्ट?"

"नाहीतर काय! मी पुढून मोजलं हो. मागे साडेतीन इंच कमी. सगळा घोटाळा तिथे झाला."

कुलकर्ण्यांनी रुमाल काढला. मला गहिवरून आलं. म्हटलं, काय हळवा माणूस आहे! दुसऱ्याचं माप चुकलं तर याच्या डोळ्यात पाणी!

आणि मग काय विचारता! दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी गर्दी. नलूकाकू, म्हणजे आमच्या इथल्या सगळ्या मराठी पोरासोरांची हक्काची काकू, पिठलं-भात घेऊन आल्या. मंगळवारी आणखी कुणाचं पिठलं, बुधवारी तिसरंच पिठलं. मी म्हटलं, यांना दुसरं काही येत नाही का? पण गरम होतं, घरचं होतं, मी मिटक्या मारत खाल्लं. काकू पदर तोंडाला लावून बघत राहिल्या.

"पोटभर जेव रे बाळा. मुलीकडे बघून तरी."

"मुलगी आजीकडे मजेत आहे हो काकू. तुम्ही हा कोपरा बघा, इथे जोड दिसतोय का?"

सगळी मंडळी फायरप्लेससमोर अर्धवर्तुळ करून बसायची. हळू आवाजात बोलायची. मी प्रत्येकाला पहिल्यापासून मापं समजावून सांगायचो, सगळे माना डोलवायचे. सुनंदा असताना इतकी माणसं कधी आली नव्हती! मला वाटलं, हे अस्तर बसवण्यात आपण उगाच उशीर केला.

पुढे कळलं, कुलकर्ण्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, "त्याच्यासमोर तिचा विषय काढू नका. धक्का बसलाय. नुसती इंचांत मापं सांगत बसतो."

शनिवार उजाडला. दहावा दिवस. सकाळी साडेआठलाच चौदा माणसं दारात! सगळ्यांत पुढे आपटे. हे आठवडाभर विमानांच्या कारखान्यात पंख तपासायचे आणि शनिवार-रविवारी पोथी बघून सत्यनारायण सांगायचे.

"मागच्या अंगणात कावळे येतात का?" आपट्यांनी विचारलं.

"रोज पन्नास!" मी अभिमानाने म्हणालो.

"वा, मग अडचण नाही. वहिनींचं नाव सुनंदाच ना? लग्नात बदललं नव्हतं ना?"

असं म्हणून त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकचा डबा काढला आणि झाकण उघडलं. आत भाताचे पिंड! वर काळे तीळसुद्धा!

मी डब्याकडे बघितलं. फोटोकडे बघितलं. पणतीकडे बघितलं. शेवटी बंद टीव्हीच्या काचेत माझंच तुळतुळीत डोकं दिसलं, आणि सगळा प्रकार एकदम लख्ख कळला.

आता खरं सांगू? मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. घर माणसांनी भरलेलं. कुणाच्या तरी पोराचे बूट दारात उलटे पडलेले. स्वयंपाकघराच्या दारात काकू पातेलं पुसत माझ्याकडेच बघत होत्या. मनात आलं, आता खरं सांगितलं की ही सगळी घरी जाणार, आणि उद्यापासून परत मी आणि सूप. सांगायला लाज वाटते, पण आलं मनात.

मग बोललो. "अहो, सुनंदा सांगलीत आहे! ठणठणीत आहे!"

तुम्हाला वाटेल, सगळे उडाले असतील. छे! आपट्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आहेच. ती आपल्या सगळ्यांत आहे."

"अहो तसं नाही, खरंच आहे! परवा पत्र आलंय तिचं!"

"पत्रांना पंधरा दिवस लागतात हो," कुलकर्णी हुंदका देत म्हणाले.

शेवटी ऑपरेटरकडून सांगलीला कॉल लावून घेतला. तासभर कुणी जागचं हललं नाही. फोन लागला तेव्हा चौदाच्या चौदा माणसं रिसीव्हरभोवती. आणि त्या काळी अमेरिकेतून फोन आला की माणसाच्या काळजाचं पाणी व्हायचं.

"हॅलो!" सुनंदा किंचाळलीच. "काय झालं? कोण गेलं?"

"तू," मी म्हणालो.

पुढचं मला नीट आठवत नाही. काकूंनी रिसीव्हर हिसकावून घेतला. त्या रडत होत्या, हसत होत्या, मधूनच मला चापट्या मारत होत्या. कुलकर्णी रागावून अंगणात गेले होते, कारण सगळ्यांत जास्त रडले होते ते. काकूंनी सुनंदाला सगळं सांगितलं, अगदी पहिल्या पिठल्यापासून. "आणि अगं, पिंड बघून सगळं कळलं याला, तरी अर्धं मिनिट नुसता गप्प उभा होता!"

मग रिसीव्हर माझ्याकडे आला. मागे मंडळींची कोट घालायची गडबड सुरू झाली होती.

"अहो," सुनंदा अगदी शांतपणे म्हणाली, "मी जिवंत आहे हे सांगायला तुम्हाला अर्धं मिनिट विचार करावा लागला?"

काय थाप मारणार?

"अगं," मी म्हणालो, "घरात चौदा माणसं होती."