बांधावरची देवी

ठाणं बघायला कुणी मुद्दाम येईल, यावर माझा विश्वास नव्हता. तळ्यात म्हशी डुंबायच्या, काठावर शेवाळ आणि धुण्याचा राडा, वरून खाडीचा कुबट वास. पण स्वातंत्र्यानंतर तीन-चार वर्षांनी माझा पुण्याचा कॉलेजमित्र आला, आणि त्याला इथला एकेक फुटका दगड बघायचा होता. मी नाकाला रुमाल लावून त्याच्यामागे फिरत होतो.

तळ्याकाठी उकिरड्यापाशी एक उभा दगड होता. वर चंद्र-सूर्य, मध्ये झिजलेली अक्षरं, आणि खाली गाढव आणि बाई. मला शिसारीच आली. मित्र मात्र उकिडवा बसून त्यावरची घाण हातानं पुसू लागला.

"अरे, हा गधेगाळ! शिलाहार राजांच्या वेळचा. जमीन दान दिली की असा दगड रोवायचे. चंद्र-सूर्य असेपर्यंत दान टिकायचं. आणि ती जमीन जो बळकावील त्याच्या आईला..." तो अडखळला. "चित्रात आहेच ते."

तसलेच चंद्र-सूर्य मी लहानपणापासून बघत आलो होतो. कोपरीला आमच्या शेताच्या बांधावर शेंदरानं माखलेला एक दगड होता. जमिनीवर त्याचा वरचा भाग तेवढा दिसायचा. आई त्याला बांधावरची देवी म्हणायची.

बांधापलीकडची जमीन धाकट्या काकांची. काका गेले, मूलबाळ नव्हतं, काकी एकटी उरली. आमच्यात रीत अशी, की बांधावरचा देव माणसानं हलवायचा नाही. देवानंच दुसरी जागा मागितली, तर कोंबडं-नारळ देऊन त्याला तिथं बसवायचं आणि बांधही तिथूनच घालायचा. मग कुणी मोजणी मागत नाही. काका गेल्याच्या दुसऱ्या वर्षी देवी आईच्या स्वप्नात आली आणि तिनं वीस पावलं पलीकडची जागा मागितली. अलीकडं यावंसं तिला कधी वाटलं नाही, हे त्यातलं विशेष! मी तेव्हा वसतिगृहात होतो. माझ्या थोरल्या भावानं, म्हणजे दादूसनं, देवी हलवली आणि काकीची निम्मी जमीन आमच्यात आली. काकीनं देवीपुढं डोकं टेकलं आणि ती मिठागरावर मजुरीला जाऊ लागली. मिठानं तिचे तळपाय चिरले होते. मला घरातल्यांचा संताप यायचा, पण देवीपुढं बोलणार कोण?

आता मात्र बोलायला तोंड मिळालं होतं. दादूस निगरगट्ट, त्याच्याकडून आशा नव्हती. पण आई देवाला भिणारी. दगडाचा अर्थ कळला की ती काकीची जमीन परत देईल, याची मला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी कुदळ घेऊन बांधावर गेलो. मित्र सोबत होता. हातभर माती काढली, शेंदराची खपली खरवडली. आत किडे, कुजलेली फुलं, तेलाचा खवट वास. तरी खरवडत राहिलो. अक्षरं लागली. त्याखाली गाढवाचे पाय.

आई पूजेचं ताट घेऊन आली ती तिथंच थांबली. मित्र संकोचानं जरा लांब जाऊन उभा राहिला. मी मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. जमीन बळकावणाऱ्याच्या आईला ही शिवी आहे, हेही सांगितलं. ती रडेल, निदान कानांवर हात तरी ठेवील, असं वाटलं होतं.

तिनं ताट खाली ठेवलं.

"मना ठाव हाय," ती म्हणाली. "दगर उपटला तवाच बघला मी. आमाला वाचता येत नाय, पन डोले हायेत. म्हनून तं पयल्यापेक्षा खोल पुरला."

"आणि तरी तू रोज कुंकू लावतेस?"

"वरती चंद्र-सूर्य हायेत नं. त्यांना लावताव."

माझ्या हातातली कुदळ घेऊन तिनं माती परत ओढली, पायानं दाबून घट्ट केली, त्याच हातांनी हळदकुंकू वाहिलं आणि डोळे मिटून नमस्कार केला. मला माझ्या आईची किळस आली. असं लिहिताना आजही हात थांबतो, पण आली होती.

काकीकडं जायचं माझ्या मनात होतं. बांधावरून तिचं घर दिसत होतं. पण मित्राला भूक लागली होती, आणि मीही उद्या जाऊ म्हणून घराकडं वळलो. तो उद्या काकी असेपर्यंत आला नाही.

त्या दुपारी पानात काकीच्या जमिनीतला नवा भात होता. त्याचा वास घरभर सुटला होता. मित्रानं तोंड भरून कौतुक केलं आणि पुन्हा मागून घेतला. आईनं माझ्याकडं बघितलं. मी पान पुढं केलं.