पेडलवरचा पाय

एका रविवारी सकाळी माझा नवरा गेला. आदल्या दिवशी त्याने आमच्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकाचा ब्रेकचा पाइप बदलला होता. पाइपात शिरलेली हवा काढायचं काम रविवारवर ठेवलं होतं.

त्यानंतर सात महिने गाडी लालबागच्या आमच्या चाळीच्या अंगणात उभी राहिली. ब्रेकचं पेडल दाबलं की ते सरळ तळाला टेकायचं. श्रावणात दीर आला आणि चहा पिता पिता म्हणाला, "वहिनी, सोमवारी गणपतीच्या मांडवाचे बांबू येतायत. अंगण रिकामं करायला लागेल. ब्रेक नाय तर गाडी हलवणार कशी? मी भंगारवाल्याशी बोललोय. तो रविवारी दुपारी टेम्पो घेऊन येतो."

सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते, भाजी निवडत होत्या. हात तेवढा थांबला.

मेकॅनिकला बोलावता आलं असतं. पण हवा काढायचं काम मला परकं नव्हतं. वर्षाआड आम्ही दोघं ते करत असू. तो चाकापाशी खाली, मी ड्रायव्हरच्या सीटवर. तो "दाब" म्हणायचा. मी पेडल दाबून "दाबलं" म्हणायचे. मग तो चाकामागचं निपल, म्हणजे हवा काढायची छोटी तोटी, पान्याने सैल करायचा. पेडल पायाखाली खचायचं आणि निपलला लावलेल्या नळीतून बुडबुड्यांसकट ऑइल लोणच्याच्या रिकाम्या बरणीत पडायचं. निपल घट्ट करून तो "सोड" म्हणाला की मगच मी पाय उचलायचा. पहिल्याच वेळी मी आधी उचलला होता. उघड्या निपलातून हवा परत आत गेली आणि तासाभराचं काम पाण्यात गेलं. तेव्हापासून माझं उत्तर ऐकल्याशिवाय तो पान्याला हात लावत नसे.

मधून मधून तो उठून पुढे जायचा. बॉनेट उघडं असल्याने मला तो दिसत नसे. पाठ मोकळी करायला उठतो, असं मी धरून चालले होते. मांडीवर पुस्तक असायचं, तेवढ्यात एखादं पान वाचून व्हायचं.

शनिवारी मी गाडीबरोबर आलेली पुस्तिका वाचली. रविवारी सकाळी बॉनेट उघडून ठेवलं, पुढच्या चाकांना दगड लावले आणि मागची बाजू जॅकवर घेतली. जॅकवर भरवसा ठेवायचा नाही, हे त्याचं ठरलेलं होतं, म्हणून त्याचे लाकडी ठोकळे खाली सरकवले. नव्या पाइपाच्या सांध्यांवरून कोरडं फडकं फिरवलं. ते कोरडंच राहिलं. गळती नव्हती, म्हणजे दोष हवेचाच होता.

पेडलवर कोणीतरी हवं होतं. आई जिना उतरून आल्या, चपला काढून सीटवर बसल्या.

"दाबा."

"दाबलंय."

"सोडा."

पहिल्या काही वेळा नुसते बुडबुडेच आले, मग ऑइल, मग स्वच्छ ऑइल.

"तो तुझ्यार पण असोच वराडायचो काय?" आतून आवाज आला.

"हो. दाबा."

"दाबलंय. माझो पाय काय लोखंडाचो आसा?"

आता होत आलं, असं वाटत असतानाच नळीत पुन्हा बुडबुडे दिसले. मग ऑइल येईनासंच झालं. आई म्हणाल्या, पायाखाली काहीच लागत नाही. मी पाना तपासला, निपल तपासलं, पाइप पुन्हा पुसून पाहिला. सगळं ठीक होतं. अकरा वाजून गेले होते. मी फरशीवर बसून राहिले.

आईंनी गाडीच्या दारातून मान बाहेर काढली. "अगो, तो मधी मधी उठायचो ना?"

"पाठ दुखायची त्यांची."

"पाठ कसली? वरसून बघलंय मी. बाटली घेवन फुडे जायचो. ता तू केलंस काय?"

मी उठून बॉनेटपाशी गेले. ब्रेक ऑइलची डबी रिकामी होती. खाली जेवढं काढायचं तेवढं वर ओतत राहायचं असतं, नाहीतर वरूनच हवा शिरते. पुस्तिकेत ते लिहिलेलं होतं. मी ते वाचलंही होतं, आणि वाचून पुढे गेले होते. इतकी वर्षं मी पुस्तक वाचत बसले, आणि तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून आई त्याचं काम पाहत राहिल्या.

नवी बाटली आणून डबी भरली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. दर पाच दाबांनंतर मी उठले, ऑइल ओतलं, पुन्हा खाली बसले. चारही चाकं झाली तेव्हा एक वाजला होता. पेडल अर्ध्यावर येऊन थांबलं आणि कितीही जोर दिला तरी तिथेच राहिलं.

ठोकळे आणि दगड काढून गाडी खाली घेतली, बॅटरी शेजाऱ्यांच्या गाडीवरून चार्ज करून घेतली. हात हँडब्रेकवर ठेवून, पहिल्या गिअरमध्ये, अंगणात दोन फेऱ्या मारल्या. पाण्याच्या पिंपाअलीकडे ब्रेक दाबला. गाडी थांबली. पुन्हा दाबला, पुन्हा थांबली.

दीर फाटकात उभा होता. "टेम्पोवाल्याला काय सांगू आता?"

"सांग, गाडी थांबता," आई म्हणाल्या आणि चपला शोधू लागल्या.

गाडी आता मागच्या गल्लीत असते. पाना, नळी आणि बरणी खाटेखाली आहे. पेडल दाबायला आई आहेत.