तशीच एक गाडी धामणगावला

अकोल्यात मी दवाखाना काढला, तेव्हा गावात मोटार चालवणारी बाई बहुधा मी एकटीच असेन. गाडी विलायती, लढाईच्या आधीची. नोकरी संपवून मायदेशी परतणाऱ्या एका इंजिनिअरांकडून घेतलेली. ती होती म्हणून पातूरच्या बाजूच्या खेड्यांत अडलेल्या बाळंतिणींपर्यंत मी वेळेत पोचत असे. बस मोठा रस्ता सोडत नसे. माझी गाडी बैलगाड्यांच्या चाकोरीतूनही जाई.

एका दुपारी पातूरहून परत येत होते. शेजारी नर्सबाई. नाल्याकडच्या उतारावर समोर कापसाची बैलगाडी दिसली म्हणून ब्रेकवर पाय ठेवला, तर पाय सरळ खाली गेला. पुन्हा दाबला. काही नाही. गिअर खाली आणला, हातब्रेक ओढला, तरी गाडी पळतच होती. शेवटी बैलांना चुकवून मी ती शेतात घातली. कपाशीच्या पऱ्हाट्या मोडत गेली, काळ्या मातीत रुतली आणि थांबली. नर्सबाई औषधांची पेटी घेऊन उतरल्या आणि बांधावर जाऊन बसल्या. त्या गाडीत त्या पुन्हा कधी बसल्या नाहीत.

बैल जुंपून गाडी अकोल्यातल्या मोटारदुरुस्तीच्या मिस्त्रींकडे आणली. त्यांनी ब्रेकच्या नळकांड्यातून एक रबरी वाटी काढून माझ्या तळहातावर ठेवली. कडा फाटलेल्या, बोटांना काळा चिकटा लागत होता.

"याच्यानं तेल दाबल्या जाते, बाई. हे फाटलं का ब्रेक गेला."

"मग नवी घाला."

"आणू कुठून? हे गाडी बनवनंच बंद झालं. नळकांडंबी अंदरून खाल्लं हाय."

ती वाटी कागदात गुंडाळून मी अमरावतीला नेली. तिथं माझं माहेर. वडील माझ्याबरोबर सुट्या भागांच्या एकेका दुकानात आले. दुकानदार वाटी बोटांनी दाबून पाही, आतून डबे काढी, एकेक लावून बघे आणि मान हलवी. ट्रकची मोठी होत होती, जीपची सैल. मुंबईच्या एका दुकानाला लिहिलं, तर उत्तर आलं की परदेशी माल येणं थांबलं आहे, वाट पाहू नये. अचलपूरला एक लेथवाला होता. तो म्हणाला, "लोखंडाचं काय म्हनाल ते करून देतो. रबराचं मले सांगू नका."

मिस्त्रींनी ट्रकची वाटी कापून, घासून बसवून पाहिली. सकाळी पेडल छान घट्ट लागलं. आम्ही दोघंही हसलो. संध्याकाळी मी पाय ठेवला तर ते पुन्हा खाली गेलं आणि चाकाखाली तेलाचा डाग पडला होता.

याच दिवसांत पातूरपलीकडून एक बोलावणं आलं. मी बसनं गेले, पुढं बैलगाडीनं. पोचले तोवर मूल गेलं होतं, बाई तेवढी वाचली. तिच्या सासूनं मला पाय धुवायला पाणी दिलं. "आल्या तुमी, हेच लय झालं," म्हणाली. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मग मिस्त्रींनी बातमी आणली. धामणगाव रेल्वे या गावी एका शेतकऱ्याच्या गोठ्यात अगदी तशीच गाडी उभी आहे. आम्ही दोघं रेल्वेनं गेलो. मालक म्हातारे, धोतर नेसलेले, स्वच्छ. गाडी त्यांच्या मुलाची. मुलगा तापानं गेला तेव्हापासून ती गोठ्यात होती. वर गोधडी घातलेली. त्यांनी ती उचलली तेव्हा मला ती माझीच गाडी वाटली. दारं, दिवे, सगळं पुसलेलं.

मी का आले ते सांगितलं.

"काढल्यावर हे चालन का नाही?"

"नाही चालणार," मी म्हणाले.

"नातू मोठा झाला का त्याले देनार होतो." त्यांनी बॉनेटवर हात ठेवला. "पन तुमचं काम बाया वाचवायचं हाय. घ्या काढून."

मिस्त्री गाडीखाली शिरले. नळकांडं सुटता सुटेना. घणाचे घाव बसू लागले तसे म्हातारे बाहेर अंगणात जाऊन उभे राहिले. अखेर ते निघालं, पण उघडलं तर आत सगळा गंज. दट्ट्या जागीच जाम झालेला. वाटी दगडासारखी कडक. मिस्त्रींनी नखानं टोचली, तर तिचा भुगा झाला.

"काय झालं?" म्हाताऱ्यांनी आत येत विचारलं.

मीच सांगितलं. नुसत्या उभ्या गाडीचंही रबर मरतं. लोखंड गंजतं. हे आमच्या उपयोगाचं नाही.

"म्हंजे हेबी गेलीच होती का?"

"हो."

"मी तं रोज पुसून राहिलो," ते म्हणाले. मिस्त्री नळकांडं परत बसवायला निघाले, तर त्यांनी हातानं थांबवलं. "राहू द्या आता." गोधडी मात्र त्यांनी पुन्हा घातली नाही. ती घडी करून काखेत धरली आणि आम्हाला फाटकापर्यंत सोडायला आले. चहाला थांबा म्हणाले. आम्ही थांबलो नाही, रेल्वेची वेळ झाली होती.

परतीच्या प्रवासात मिस्त्री एवढंच बोलले, "बाई, आता मले सांगू नका. मी खोटी आस लावनार नाई."

गाडी मी भंगारात दिली. नवी मिळायला नंबर लावावा लागे आणि माझा नंबर काही येईना. मी बसनं जात राहिले, जिथवर बस जाई तिथवर. आतल्या खेड्यांतून आधी बोलावणी उशिरा येऊ लागली, मग कमी झाली, मग थांबली. पुढं एकदा पातूरच्या बसमध्ये तिकडचीच एक बाई शेजारी बसली होती. मी विचारलं, "तुमच्याकडं अडलेली बाळंतपणं आता कोण करतं?"

"कोन करन?" ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "पयले जसं होत होतं तसंच होते."