टाकीवरच्या अनसूयामावशी

"पोट कसं हाय?"

आमच्या रिसॉर्टच्या पोहण्याच्या तलावावर येणाऱ्या प्रत्येकाला अनसूयामावशी हे विचारायच्या. पाहुणे आधी गोंधळायचे, मग काही चिडायचे. "गेल्या पंधरा दिसांत जुलाब झालेत काय? झाले असतील तर पान्यात नाय जायचं. बाकड्यावर बसा, सरबत घ्या." पहिल्याच आठवड्यात एका बाईंनी माझ्याकडे तक्रार केली. मी मावशींना समजवायला गेले, तर त्यांनीच मला समजावलं. "बाय गो, त्यातला एक जंतू क्लोरीनला पन भीत नाय. दिवसच्या दिवस पान्यात जिता ऱ्हातो. एकाच्या पोटातनं निघतो नि पोरांनी घोट गिळला की दहा जनांच्या पोटात जातो. मग इचारायची लाज कसली?"

मी मूळची महाडची. हॉटेलचं शिक्षण घेऊन पोलादपूरजवळच्या या रिसॉर्टची व्यवस्थापक झाले होते. मावशी शिवथरच्या बाजूच्या एका वाडीतल्या. लग्नानंतर त्या मुंबईला गेल्या आणि तिथल्या एका तलावावर बायकांच्या बॅचला वीसेक वर्षं मदतनीस होत्या. नवरा निवृत्त झाल्यावर दोघं गावी परतली. नुसतं घरी बसवेना म्हणून त्या आमच्याकडे तलाव सांभाळायला आल्या. तलावाला त्या 'टाकी' म्हणत. पाहुण्यांसमोर मी 'म्याडम' असे, एरवी नुसती 'गो'. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला पोहता येत नव्हतं.

एकदा सकाळी तलावाशी उभी राहून मी म्हणाले, "काय छान स्वच्छ वास येतोय क्लोरीनचा!" मावशींनी कपाळाला आठ्या घातल्या. "वास येतो म्हंजे पानी साफ नाय. घामामुतात मिसळून क्लोरीन सडलं की असा वास सुटतो. चांगल्या टाकीला वासच नसतो." त्या दिवसापासून, आधी साबण लावून आंघोळ केल्याशिवाय त्यांनी कुणाला पाण्यात उतरू दिलं नाही.

पुढे मालकांनी तलावाशेजारी गरम पाण्याचं, बुडबुडे सोडणारं जकुझी बसवलं. पाहुणे खूश झाले, मावशी नाही. "ऊन पान्यात क्लोरीन टिकत नाय, नि जंतू मातर सुखात नांदतात," असं म्हणत त्या दिवसातून चारदा पाणी तपासायच्या आणि ठरल्या दिवशी सगळं उपसून घासायच्या.

एका लांबलचक सुट्टीत रिसॉर्ट गच्च भरलेलं असताना जकुझीचा फिल्टर तुंबला. मावशी सकाळीच ऑफिसात आल्या. "दोन दिवस बंद ठेव. पाइप खोलाय लागतील."

"आज? मावशी, लोक त्यासाठीच आलेत. थोडी क्लोरीनची पावडर जास्त टाका आणि सुरू करा."

"पावडर वरच्या पान्यात जाती. पाइपात चिकटलंय त्याचं काय?"

मी ऐकलं नाही. जकुझी सुरू झालं. मावशी काठावर उभ्या राहिल्या आणि जमेल त्याला परतवू लागल्या. खोकणारे एक आजोबा उतरायला आले, तेव्हा तर त्या पायरीवरच आडव्या उभ्या राहिल्या. "बाबा, ती वाफ तुमच्या छातीला चांगली नाय." त्यांनी आजोबांना खुर्ची दिली आणि पाय शेकायला स्वयंपाकघरातून बादलीभर गरम पाणी आणलं. आजोबा माझ्याकडे येऊन रागावले. मी चार लोकांदेखत मावशींना म्हणाले, "पाहुण्यांना अडवायचं काम तुमचं नाही." त्या पायरीवरून हलल्या नाहीत.

सुट्टी संपून दोन दिवस झाले आणि पुण्याहून एका आईचा फोन आला. तिच्या दोन्ही मुलींच्या अंगावर, नेमकं पोहण्याच्या कपड्यांखाली, लाल खाजरे फोड आले होते. थोड्या वेळाने तिच्या डॉक्टरांनीच मला फोन केला. "गरम टबातल्या जंतूंचं हे लक्षण दिसतंय. फोड बहुतेक आपोआप जातील. पण कुणी वयस्कर, छातीचा त्रास असलेलं त्यात बसलं होतं का? तशा पाण्याच्या वाफेतून न्यूमोनियाही होऊ शकतो."

मी हे मालकांच्या कानावर घातलं. मालक म्हणाले, "ॲलर्जी असेल म्हणायचं. आपण होऊन कुणाला फोन करायचा नाही." मी बाहेर येऊन मावशींना सगळं सांगितलं. 'मी म्हटलं नव्हतं?' असं त्या म्हणतील याची मी वाट पाहत होते. त्या म्हणाल्या, "यादी काढ. एकेकाला फोन लाव. लाज वाटंल, तरी लाव."

त्या माझ्या शेजारी बसून राहिल्या. मी प्रत्येक कुटुंबाला खरं काय ते सांगितलं, ताप-खोकला आला तर लगेच दवाखान्यात जा म्हणून बजावलं. आणखी पाच जणांना फोड आले होते. काहींनी मला सुनावलं. मग आजोबांचा नंबर लावला. आजोबा ठणठणीत होते. "मला कुठे बसू दिलं तुमच्या त्या बाईने?" ते अजून रागातच होते.

दुसऱ्या दिवशी पाइप खोलले. आतून काळपट, बुळबुळीत थर निघाला. मावशींनी मला तो बोटाने चाचपायला लावला. "वरनं पानी कसं आरशासारखं होतं, नाय?" मालकांनी दोष मावशींवर ढकलून त्यांना काढायचं ठरवलं, तेव्हा मी लिहून दिलं की हुकूम माझा होता. मालक महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत. मावशी राहिल्या.

त्यानंतर दोन वर्षांनी त्या आपणहून माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "आता मला सोड गो. डोळ्यांत मोतीबिंदू हाय. नळीतल्या पान्याचा रंग कळत नाय." क्लोरीन तपासायला काचेच्या नळीत थेंब टाकले की पाणी पिवळं होतं, किती पिवळं, त्यावर सगळं ठरतं.

"ऑपरेशन करून घ्या. तोवर दुसरं कुणी बघेल, तुम्ही नुसत्या बसा."

"मी बसले की समदी मलाच इचारनार. नि मी अंदाजानं सांगनार. नको."

शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी मला तलावाशी बोलावलं. मुलं टॉवेल घेऊन तयार उभी होती. मावशींनी नळी माझ्या हातात दिली. मी पाणी घेतलं, थेंब टाकले, उजेडात धरलं.

"काय दिसतंय?"

"पिवळं."

"फिकं का गडद?"

मी नळी पुन्हा उजेडाकडे वळवली.

"मग वत ते. परत कर."

मी परत केलं. मग आणखी एकदा. तलाव त्या दिवशी वीस मिनिटं उशिरा उघडला.