सुरमईची तार

भागोजी तांडेलाला बुरोंडीत कुणी वाईट म्हणत नाही. म्हणणार कोण, सांगा? अर्धी वाडी त्याच्या बोटीवर खलाशी, आणि तेच खलाशी संध्याकाळी त्याच्या भजनी मंडळात टाळ कुटायला बसतात. समुद्रात तो तांडेल, देवळात तोच बुवा. बोट हाकायची त्यानं आणि अभंगही उचलायचा त्यानंच. बाकीच्यांनी मागून ओढायचं, दोर असो नाहीतर सूर.

माणूस कामाचा मात्र पक्का. लहानपणापासून बापाबरोबर गळ टाकून सुरमई धरत आलेला. तंगुसाचा, म्हणजे गळाच्या दोऱ्याचा, एक वळसा बोटाला घेऊन झटका देईल आणि हा किती ओढ सोसेल ते सांगेल. सुरमईला दात असतात, नुसता तंगूस ती कचकन तोडून जाते, म्हणून गळाच्या वर वीतभर पोलादी तार लावायची. ती तार कशाला लावायची आणि कशाला नाही, कुठली गाठ तिच्या ओढीनं टिकेल आणि कुठली लाकडासकट उपटून येईल, हे त्याच्याइतकं त्या किनाऱ्यावर कुणाला कळत नाही. हे आत्ताच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढं तो कळत नसल्याचं सोंग करणार आहे.

तोंड म्हणाल तर विंचवाची नांगी बरी. लंगडणाऱ्याला लंगडा म्हणेल, आणि नुसतं म्हणून थांबणार नाही, चार पावलं तसा चालून दाखवेल. जानूच्या बायकोला मूल होत नव्हतं तेव्हा ह्यानं मासळीच्या भर लिलावात विचारलं, "काय रे जानू, जाळं टाकतोस की नुसता पाण्याकडं बघत बसतोस?" सगळे हसले. जानूही हसला. न हसून करतो काय, दुसऱ्या दिवशी त्याच बोटीवर चढायचं होतं.

बोटीचा कायदा तसा जुनाच आहे. तांडेल एकदा बोलला की दुसऱ्यांदा विचारायचं नाही. वारा फिरला, लाट उठली, तिथं वाद घालायला वेळ नसतो. ज्याला पटत नाही त्यानं किनाऱ्यावर उतरल्यावर बोलावं, आणि उतरल्यावर कुणी बोलत नाही. केरू तर कधीच बोलला नव्हता. मिसरूड फुटल्यापासून तो भागोजीच्या बोटीवर, आणि मंडळात भागोजीच्या उजव्या अंगाला पखवाज घेऊन.

तीन पावसाळ्यांपूर्वी अंजनवेलसमोर, वीज कंपनीची धुराडी दिसतात तेवढ्या पाण्यात, जाळं ओढताना दोर विंचवर, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्रावर, आडवा चढला. विंच थांबवावा, दोर सोडवावा, पुन्हा चालू करावा, हे शेंबडं पोरही सांगेल. पण जाळ्यात मासळी भरलेली, बाजूनं हर्णैच्या दोन बोटी सरकत येत होत्या, आणि भागोजीला धीर नव्हता. बाकीचे खलाशी पाठमोरे, जाळ्याच्या तोंडाशी. भागोजी हळूच पण स्पष्ट बोलला, "केरू, हात घाल." केरूनं एकदा फिरणाऱ्या विंचकडं पाहिलं, एकदा तांडेलाकडं. "घाल बोललो ना." केरूनं घातला.

बोटं तुटली नाहीत, पण डावा पंजा चेचला तो चेचलाच. बोटं आकडली, त्यांतली ताकद गेली. किनाऱ्याला लागायच्या आत भागोजीनं सगळ्यांना सांगून टाकलं की गाढवानं आपणहून हात घातला. दापोलीच्या हॉस्पिटलात तो शहाळी घेऊन गेला, ते हा आता काय बोलतोय ते ऐकायला. केरू पडल्या पडल्या सगळ्यांसमोर म्हणाला, "माझीच चूक. तांडेल नको नको बोलत होता."

भागोजीचा जीव भांड्यात पडला. घरी येऊन तो पोटभर जेवला. पण त्या दिवसापासून केरू त्याला डोळ्यांसमोर नकोसा झाला. केरू चिडला असता, त्यानं शिव्या दिल्या असत्या, तर भागोजी दुप्पट शिव्या देऊन मोकळा झाला असता. ह्या माणसानं त्याला झाकलं, आणि झाकून वर कधी त्याचा उच्चारही केला नाही. उपकार भागोजीला पचत नाहीत. तो आकडलेला पंजा दिसला की त्याच्या अंगाची लाही व्हायची. केरूचा पखवाज त्यानं जानूच्या मांडीवर दिला आणि केरूला सांगितलं, "तू आता मागं बसून टाळ्या वाजव. पण त्या पण कशा वाजवणार तू?" केरू देवळात यायचा बंद झाला.

मग केरूची चिपळूणची भाची निशिगंधा मामासाठी युकुलेले घेऊन आली. गिटारीचं पिल्लूच ते, चार तारांचं, आणि तारा धातूच्या नव्हेत, नायलॉनच्या, मऊ. डॉक्टर बोटं हलवायला सांगतात ना, मग वाजवत हलव, असं म्हणून तिनं ते केरूच्या हातात दिलं. पावसाळ्यामुळं मासेमारी बंद, बोटी शाकारून किनाऱ्यावर. केरू ओटीवर बसून दिवसभर टुंग टुंग करायचा, आणि समोरच भागोजीचं घर.

"केरूला म्हातारपणी खुळखुळा आणला," भागोजी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा. आणि वाजत पण होता खुळखुळाच. पावसाळी दमट हवेत त्या नायलॉनच्या तारा ढिल्या पडायच्या, सकाळी लावलेला सूर दुपारी खाली उतरायचा. आवाज गुबगुबीत, ओल्या गोधडीवर बोट मारल्यासारखा. पण मऊ होत्या म्हणून तर केरूच्या अधू बोटांना दाबता येत होत्या.

केरूनं मग घरातला जाड तंगूस लावून पाहिला. तोही शेवटी नायलॉनच, त्यात मासे धरायचा, म्हणजे ताण आला की लांबणारा. सूर धरायचाच नाही. एकदा तर वाजवता वाजवता असा घसरला की गल्लीतली पोरं ओरडली. भागोजी झोपाळ्यावर बसून हसला. ऐकत मात्र होता, कारण दोऱ्याच्या बाबतीत त्याचे कान आपोआप टवकारतात.

आणि एक दिवस केरू रत्नागिरीहून दुसरंच रीळ घेऊन आला. हौशी गळवाले वापरतात तो फ्लोरोकार्बनचा तंगूस. पाण्यात टाका, नायलॉन सावकाश खाली जातो, हा झटकन बुडतो. अंगानं वजनदार, पाणी पीत नाही, आणि वजनदार म्हणून त्याच सुराला नायलॉनपेक्षा बारीक पुरतो. बारीक दोरा, खणखणीत बोल. केरूनं तो लावला, दोन दिवस ताणून बसू दिला आणि तिसऱ्या दिवशी वाजवलं तेव्हा भागोजीचा झोपाळा थांबला. सूर गल्ली ओलांडून सरळ त्याच्या पडवीत आला. पाऊस धो धो पडत होता तरी उतरला नाही. केरू मंडळाचीच चाल वाजवत होता, अगदी भागोजीच्या जागा घेऊन. भागोजीला ते आवडलं, आणि आवडलं म्हणून तो जळला.

नारळी पौर्णिमा जवळ आली. त्या दिवशी मंडळ देवळात भजन करतं, मग नारळ घेऊन गात गात किनाऱ्यावर जातं, आणि दुसऱ्या दिवशी बोटी सुटतात. केरू तालमीला आला, दारातच उभा राहिला.

"तांडेल, मला पौर्णिमेला बसू दे. पुढं नको, कुठं पण बसेन. पण मंडळात बसू दे."

त्याला एवढंच हवं होतं. दुसरं काही तो कधी मागायला आला नव्हता. जानूनंच सरकून त्याला जागा केली. केरूनं वाजवलं आणि टाळकरी माना डोलवायला लागले. जानू म्हणाला, "बुवा, घ्या की ह्याला. गोड लागतंय." भागोजीनं पाहिलं, सगळ्यांचे डोळे त्या आकडलेल्या पंजावर होते. पौर्णिमेला सगळा गाव तोच पंजा बघणार, आणि कुणीतरी शेजाऱ्याला विचारणार, ह्याचा हात कुठल्या बोटीवर गेला रे?

"बस," भागोजी म्हणाला. "पण देवापुढं तंगूस वाजवायचा नाय. तुणतुण्याला तार असते, तंबोऱ्याला तार असते. सुरमईची तार लाव चारी."

केरूनं त्याच्याकडं पाहिलं. "तार?"

"तार बोललो ना."

केरू वाद्य उचलून घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको सखू भागोजीच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"भागोजीदादा, त्या वाद्याची घोडी, तारा बांधल्यात ती पट्टी, नुसती गोंदानं चिकटवलेली हाय. तार केवढी ओढते, तुम्हाला सांगायला नको. ती उपटून निघेल. आणि तार दाबायला बोटांत जोर तरी कुठं हाय त्यांच्या? तुम्ही एकदा नको बोला, म्हणजे ते ऐकतील."

"माझं ऐकून तुझ्या नवऱ्यानं आजवर पोट भरलं," भागोजी म्हणाला. "हात गेला, आता अक्कल पण गहाण टाकली काय त्यानं? नसेल जमत तर घरी बसव. आणि माश्या मारायला तू हाईसच सोबतीला."

सखू डोळे पुसत निघून गेली. भागोजीला वाटलं, झालं, केरू आता येत नाही. म्हणून तर तो त्या रात्री शांत झोपला.

पौर्णिमेला देऊळ भरलं. केरू आला, मांडीवर युकुलेले, त्याला सुरमईची तार. तार ढिली सोडलेली होती, सुराला तिथंच लावायची. भागोजीनं पेटीवर सूर धरला.

"चढव."

केरूनं खुंटी पिळली. तार किणकिणली, लाकूड कुरकुरलं.

"अजून. अजून खाली हाय तो. चढव."

जानू हळूच म्हणाला, "बुवा, बास झालं." भागोजीनं त्याच्याकडं असं पाहिलं की जानूनं मान खाली घातली.

"चढव बोलतो ना, केरू."

केरू चढवत गेला. सूर लागला. खरंच लागला, आणि देवळाच्या दारापर्यंत ऐकू गेला असा कडक. पण केरूच्या बोटांना तार दाबता येईना, आणि दाबायचा प्रयत्न केला तसं बोटांच्या टोकांना रक्त आलं. त्यानं पहिली ओळ अर्धी वाजवली असेल नसेल. घोडी कडाडून उपटली, खालची फळी फाटली आणि एका तारेचं टोक त्याच्या गालावरून फिरलं.

भागोजी सगळ्यांच्या आधी हसला. "घ्या, गळाला लागला एकदाचा," तो म्हणाला. काही जण हसले, सवयीनं.

केरूनं सदऱ्याच्या बाहीनं गाल पुसला. त्याचा आवाज चढला नव्हता, पण देवळात सगळ्यांना ऐकू आला.

"तांडेल, घोडी निघणार हे मला ठाऊक होतं. तुला पण ठाऊक होतं."

"मग लावलीस कशाला, मेल्या?"

"तू सांगितलंस म्हणून. मला बघायचं होतं. विंच फिरत असताना तू मला हात घाल बोललास. मी लोकांना सांगितलं माझी चूक. स्वतःला सांगितलं, तांडेल घाईत बोलला, त्याला दिसलं नसेल. आज तुला दिसत होतं. लाकूड कुरकुरत होतं तरी तू चढव बोलत होतास. म्हणजे तेव्हा पण दिसत होतं."

भागोजीला वाटलं कुणीतरी केरूला दटावेल, बुवांपुढं असं बोलतोस म्हणून. कुणी दटावलं नाही. सखूनं पुढं येऊन फुटलेलं लाकूड पदरात गोळा केलं आणि दोघं उठून गेली. भागोजीनं घसा खाकरून गजर धरला. जानूचा हात पखवाजावर बराच वेळ नुसता टेकलेला होता, मग तो वाजवायला लागला. मंडळ गात गात किनाऱ्यावर गेलं आणि भागोजीनं समुद्राला नारळ दिला.

दुसऱ्या दिवशी खलाशी सगळे आले. एकही घरी राहिला नाही, राहून खाणार काय? बोट सुटली, जाळं पडलं, मासळीही बरी होती. ओढताना दोर विंचवर आडवा चढला, चढायचाच तो.

"जानू, मोकळा कर," भागोजी बोलला.

जानू दोराकडं गेला नाही. तो आधी मागं गेला, त्यानं विंच बंद केला आणि तो पुरता फिरायचा थांबेपर्यंत तिथंच उभा राहिला. मग येऊन त्यानं दोरात हात घातला. बाकीचे हातातलं काम सोडून त्याचं होईपर्यंत थांबले.

"थांबवायला सांगितलं होतं मी?"

"नाय," जानू म्हणाला आणि दोर सोडवत राहिला.

तेव्हापासून भागोजीच्या बोटीवर हेच चालतं. तांडेल बोलतो, खलाशी आधी विंच थांबवतात, आणि भागोजी सुकाणू धरून वाट बघतो.