मावशी खोली रिकामी ठेवत नाही

माझ्या मावशीची अर्धी हयात आश्रमात गेली, पण ध्यानाच्या हॉलमध्ये ती पाऊल टाकायची ते सतरंज्या झटकायला. "तुम्ही साधना काय करता?" असं कोणी विचारलं, की ती म्हणायची, "धुणं." विचारणारा माणूस मान डोलवायचा आणि त्यातून काहीतरी गूढ अर्थ काढायचा. गूढबिढ काही नव्हतं. ती खरंच धुणं करायची.

तिथे ती गेली तीही नोकरीपायी. आधी ती बसस्टँडसमोरच्या एका लॉजवर खोल्या आवरायची. लॉज बंद पडलं, मालकाने हात वर केले, आणि त्याच सुमारास तिच्या कानावर आलं की शहराबाहेरच्या बंद वखारीत कोणी स्वामीजी येऊन राहिलेत. माणसं त्यांचं बोलणं ऐकायला येतात, परतीची गाडी चुकली की तिथेच लवंडतात, आणि अंथरुणांचा नुसता उकिरडा झालाय. मावशी गेली, उकिरडा पाहिला आणि स्वामीजींशी पहिलं वाक्य बोलली ते हे: "या चादरी शेवटच्या कधी धुतल्यात?" स्वामीजींना सांगता येईना. त्याच दिवशी वखारीच्या चाव्या मावशीच्या कमरेला लागल्या.

पुढे त्या वखारीचं रूपच पालटलं. प्रवचनाचा हॉल झाला, जेवणाचा हॉल झाला, डोळ्यांचा दवाखाना झाला, पुस्तकांचं दुकान झालं आणि पाहुण्यांसाठी खोल्यांची एक लांबलचक ओळ उभी राहिली. त्या ओळीवर राज्य मावशीचं. चादरी मात्र माझ्या. म्हणजे माझं शिवणाचं दुकान आहे आणि आश्रमाच्या सगळ्या चादरी तिथेच शिवल्या जातात. जाड पांढरं कापड, कडेला निळी पट्टी. लक्षाधीश आला तरी तीच चादर, भिकारी आला तरी तीच, आणि स्वामीजींच्या खाटेवरही तीच.

खोल्यांबाबत स्वामीजींचा एकच नियम होता. खोलीवर कोणाचंही नाव नाही. माणूस गेला की दुसऱ्या सकाळी चादर काढायची, फरशी धुवायची, खिडक्या उघडायच्या आणि पुढे जो येईल त्याच्या हातात किल्ली द्यायची. मोठ्या देणग्या देणारे लोक कायमची खोली मागायला यायचे. मावशी त्यांना म्हणायची, "येण्याआधी कळवा. असली तर मिळेल." काहींचा तिळपापड व्हायचा, पण तक्रार कुणाकडे करणार? स्वामीजी स्वतःच खोल्या बदलत फिरायचे. कोणाला जिना चढवत नाही म्हटलं की आपलं अंथरूण उचलायचे आणि वर जायचे.

ट्रस्टचे अध्यक्ष दर वार्षिक सभेत हेच सांगायचे. ते पहिल्यांदा आश्रमात आले तेव्हा त्यांचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि खोली एकही शिल्लक नव्हती. स्वामीजी आपल्या खाटेवर सरकून बसले, म्हणाले, "या, बसा," आणि रात्री स्वतः धान्याच्या कोठीत जाऊन झोपले. हे सांगताना अध्यक्षांचा गळा दरवेळी त्या 'बसा'वर दाटून यायचा. मी मागच्या रांगेत बसून त्या शब्दाची वाट बघायची. पण माणूस खोटा नव्हता, हेही सांगायला हवं.

माझं आणि मावशीचं एकाच गोष्टीवरून वाजायचं. आई गेल्यापासून मला तीच काय ती उरली होती. लेक लग्न होऊन गेल्यावर मी तिची खोली मावशीसाठी रंगवून घेतली, नवे पडदे लावले आणि दर रविवारी फोन करायची, "कधी येतेस?" ती म्हणायची, "बघू." आमचे हे म्हणायचे, "अगं, तिथे निदान शिलाईमशीन तरी ठेव." मी ऐकलं नाही. खोली तशीच बंद राहिली आणि मी दर रविवारी तिची धूळ पुसत राहिले.

स्वामीजी गेले ते झोपेतच. तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीत होते. त्या दिवशी आश्रमात उभं राहायला जागा नव्हती. मावशी भिंतीला टेकून रडत होती. तिला असं रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, आणि तिला घरी न्यायला हीच वेळ आहे असा आपमतलबी विचारही माझ्या मनात येऊन गेला. संध्याकाळी सगळं आटोपलं. ती म्हणाली, "तू जा. मला उद्या लवकर उठायचंय."

उद्या कशाला, ते मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. अध्यक्ष चार ट्रस्टींना आणि एका कुलुपाला घेऊन स्वामीजींच्या खोलीकडे गेले. खोली होती तशी जपायची, खाटेभोवती दोर बांधायचा, लोकांनी दारातून दर्शन घ्यायचं, असं ठरलं होतं. दार उघडलं तर आत फिनेलचा वास, खिडक्या सताड उघड्या, दोरीवर कोणाचे तरी ओले कपडे, आणि खाटेवर दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधलेली एक आजी पाय पसरून घोरत होती.

मावशीने पहाटे चादर काढली होती, खोली धुतली होती आणि दवाखान्यातून आलेल्या पहिल्या माणसाला किल्ली दिली होती. रोज करायची तेच.

मला बोलावणं आलं ते चादरीसाठी. स्वामीजींची शेवटची चादर तरी हाती लागावी म्हणून अध्यक्ष वाळत घातलेल्या चादरींच्या रांगांमधून वेड्यासारखे फिरत होते. सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांना निळी पट्टी.

"तुम्हीच शिवल्यात ना या? यातली त्यांची कुठली ते ओळखा," ते मला म्हणाले.

"साहेब, मी चादरी शिवते, त्यांचे जन्मदाखले ठेवत नाही," मी म्हटलं. मग त्यांचे सुजलेले डोळे दिसले आणि बोलल्याचं वाईट वाटलं.

ते मावशीकडे वळले. "मावशी, तुम्ही हे काय केलंत? त्यांचं काहीसुद्धा उरलं नाही."

"खोली मोकळी झाली होती," मावशी म्हणाली.

"ती त्यांची खोली होती."

"त्यांची कशी? त्याआधी तिथे एक ट्रकवाला होता."

एका ट्रस्टीला हे उर्मटपणाचं वाटलं. त्याने तिथल्या तिथे सांगून टाकलं की मावशींचं वय झालंय, त्यांनी आता आराम करावा. दुसऱ्याने चाव्या मागितल्या. अध्यक्षांनी तोड काढली: आजींना दुसऱ्या खोलीत हलवा, ही खोली कुलूपबंद करा, म्हणजे झालं गेलं विसरू आणि चाव्या मावशींकडेच राहतील. नाहीतर त्यांनी घरी जावं.

मी म्हटलं, बरं झालं. माझ्याकडे रंगवलेली खोली तयार होती. मी मावशीच्या कानाशी लागले, "दे त्या चाव्या आणि चल माझ्याबरोबर. काय अडलंय तुझं इथे?" तिने माझ्याकडे बघितलंही नाही. कमरेचा जुडगा सोडून तिने अध्यक्षांच्या हातात ठेवला.

"चाव्या घ्या," ती म्हणाली. "पण डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या बाईला उठ म्हणून मी सांगणार नाही. तुम्हाला उठवायचं असेल तर तुम्ही सांगा. मी आपली बॅग भरते."

ती बॅग भरायला गेली नाही, दाराबाहेरच उभी राहिली. आम्ही सगळेच राहिलो. अध्यक्ष चाव्यांचा जुडगा घेऊन एकटे आत गेले. चाव्यांच्या आवाजाने आजी जाग्या झाल्या आणि पट्टी बांधलेला चेहरा त्यांनी दाराकडे वळवला.

"कोण ते? ज्यांची खोली, ते आलात का?" त्यांनी विचारलं. "बाईंनी मला झोपा म्हणून सांगितलं, म्हणून झोपले हो. तुम्ही दमून आला असाल." आणि चाचपडत चाचपडत त्या भिंतीकडे सरकल्या, खाटेवर हात फिरवून जागा केली आणि म्हणाल्या, "या, बसा."

अध्यक्ष पुढे झाले. ते बसले. मान खाली घालून निळ्या पट्टीवरून हात फिरवत राहिले. आजींनी त्यांना विचारलं, जेवलात का, म्हणून. ते म्हणाले, नाही. कालपासून नाही.

बाहेर आले तेव्हा त्यांनी जुडगा मावशीला परत दिला. "आजींची पट्टी सुटेपर्यंत त्यांना हलवू नका," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "आणि त्यानंतर जो येईल त्याला द्या." बरोबरच्या ट्रस्टीने दोराचं काय करायचं असं विचारलं. तो दोर मावशीने ठेवून घेतला. तिला वाळवणासाठी हवाच होता.

मी घरी एकटीच परतले, चिडून. रविवारी फोन केला तर मावशीनेच उलट विचारलं, "तुझी ती खोली अजून रिकामीच आहे?"

"तुझ्यासाठी ठेवलीय."

"इतकी वर्षं?" तिच्या आवाजात असा काही धक्का होता, जणू मी घरात चोरीचा माल ठेवला होता. "दवाखान्यातून सुटलेली माणसं गाडी चुकली की स्टँडवर ताटकळत बसतात. तुझं घर तिथून हाकेच्या अंतरावर. पाठवते."

"मी काय लॉज काढलंय?" मी विचारलं, पण तिने फोन ठेवला होता.

पहिल्या आल्या त्या त्याच आजी. डोळ्यांना काळा चष्मा, हातात पिशवी. नव्या पडद्यांकडे त्यांनी अगदी जवळ जाऊन पाहिलं, रंग ओळखून खूश झाल्या आणि मग एकदम संकोचून म्हणाल्या, "एवढी छान खोली. कोणाची हो?" मावशीचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, "आज तुमची."

त्यानंतर ती खोली फारशी रिकामी राहिली नाही. मी कुरकुर करत राहिले आणि चादरी शिवत राहिले. आमचे हे येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर पत्ते खेळायला शिकले.

शेवटी गुडघ्यांनी अगदीच असहकार पुकारला तेव्हा मावशीने चाव्या दुसऱ्या बाईंकडे दिल्या आणि ती माझ्याकडे यायला निघाली. आश्रमातली आपली खोली तिने स्वतः धुतली, स्वतःच दुसऱ्याला दिली. माझ्या दारात रिक्षातून उतरली तेव्हा मला घाम फुटला होता, कारण खोलीत एक गृहस्थ होते. त्यांच्या बायकोचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं.

"मावशी, आजचा दिवस तू हॉलमध्ये झोप," मी चाचरत म्हटलं. "खोलीत माणूस आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. एवढी वर्षं मी तिची भाची होते, पण माझ्यावर ती इतकी खूश झालेली मी कधी पाहिली नव्हती. ती दिवाणावर बसली, चादरीची कड बोटांत धरून तिने वास घेतला आणि विचारलं, "कधी धुतलीस?"

"सकाळी."

"बरं," मावशी म्हणाली आणि आडवी झाली.