पालथी काहील

आमच्या अंगणात एक काहील पालथी पडलेली असायची. उसाच्या रसाचा गूळ करायची ती मोठी लोखंडी कढई. पण आमच्या घरी तिच्यात कधी गूळ शिजला नाही. ती आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, होडी होती. नदीला पाणी असलं की गावच्या दूध संस्थेचे कॅन तिच्यात ठेवून आप्पा पलीकडं चौसाळ्याला दूध नेणाऱ्या गाडीला पोचवायचे. कॅनच्या मधोमध मी. "हालू नको माय, दूध सांडलं तर संस्थावाले मलाच नदीत बुडवतेल," म्हणायचे. आणि मी मुद्दाम हलायचे!

मग पाऊस रुसला तो रुसलाच. नदी आटली, चारा संपला, म्हशी गेल्या, संस्थेच्या दाराला कुलूप लागलं. मी शिकले, बीडला नोकरीला लागले. काम काय, तर पाऊस, माती, उतार, बंधारे सगळं संगणकात घालायचं आणि आमच्याच नदीला किती पाणी येईल ते काढायचं. लोक हसतात, हसू देत. मला ती नदी परत पाहिजे होती, एवढंच.

एक दिवस आप्पांचा फोन. कालव्याकाठचा कुणी गुऱ्हाळवाला काहील मागत होता. "तुझी मशीन काय म्हणती? माझ्या हयातीत तरंगल का न्हाई? तरंगणार आसल तर देत न्हाई."

आता आली का पंचाईत! काहील तरंगायला मांडीभर तरी पाणी लागतं. नदीच्या वरच्या अंगाला जागोजाग बंधारे झालेत, तेही आम्हीच मागून घेतलेले. विहिरींचं भलं झालं, पण नदीचं काय? पडतो तेवढ्या पावसात पाणी घोट्याच्या वर चढेना. मी हट्टानं संगणकात पाऊस वाढवला. चढलं, पण तेवढा पाऊस आमच्याकडं पडल्याचं कुणी ऐकलेलं नाही. मेल्या संगणकाचा असा राग आला! रडूच फुटलं.

मी फोनवर म्हणाले, "आप्पा, देऊ नका कुणाला."

"मी ते न्हाई इचारलं."

त्यांनी फोन ठेवला.

रविवारी घरी गेले तर काहील सुलटी करून ठेवलेली. टँकर नुकताच येऊन गेला होता आणि ती काठोकाठ भरली होती. आप्पा शेजारी बसले होते. त्यांनी आत हात घातला आणि वल्हं मारतात तसं पाणी मागं सारलं.

"ये, बस," म्हणाले. "आता हाललीस तरी चालतंय."